डिलीटची ओळ

कोणाचाही कोड तपासायला घेतला की ‘डिलीट’ लिहिलेल्या ओळीवर मी थबकतो. जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्टमधली प्रॉपर्टी काढायची रीत अगदी सोपी आहे. डिलीट, ऑब्जेक्टचं नाव, टिंब, प्रॉपर्टीचं नाव. झालं. माझा प्रश्न मात्र ठरलेला असतो: हा ऑब्जेक्ट आहे कोणाचा?

समजा, डेटाबेसमधून युजरची नोंद आणली. नाव, ईमेल, पासवर्डचा हॅश. हॅश ब्राउझरकडे जाता कामा नये, म्हणून पाठवण्याआधी कोणीतरी तो डिलीट केला. हेतू चांगलाच. पण फंक्शनच्या हातात ऑब्जेक्टची प्रत येत नाही, मूळ ऑब्जेक्टच येतो. तोच कॅशमध्येही ठेवलेला असेल, तर तिथलाही हॅश गेला. मग पुढच्या लॉगिनला माणूस बरोबर पासवर्ड टाकतो आणि दारातूनच परत फिरतो. घोळ एका फाइलीत, बोंब दुसऱ्याच फाइलीत.

इथे डिलीट नकोच. ऑब्जेक्टचे तुकडे करून हॅश बाजूला घ्यायचा आणि तीन टिंबांनी ‘उरलेलं सगळं’ नव्या ऑब्जेक्टमध्ये भरायचं. ही सोय भाषेच्या 2018च्या प्रमाणकात आली. मूळ नोंदीला धक्का लागत नाही. अर्थात ही प्रत वरवरचीच असते. नोंदीच्या आत पत्त्याचा ऑब्जेक्ट असेल, तर तो अजून दोघांत सामाईक असतो, आणि त्यातला पिनकोड डिलीट केला तर तो दोन्हीकडून जातो.

काही जण डिलीट टाळायला प्रॉपर्टीला अनडिफाइन्ड देऊन मोकळे होतात. कन्सोल उघडून पाहिलं तर की जागेवरच असते. ‘इन’ने विचारा, उत्तर ट्रू. कीजची यादी मागा, तिचं नाव आहेच. जेसन करायला घेतलं की मात्र ती गुपचूप गळते. नल दिलं तर जेसनमध्येही टिकते. म्हणजे ‘काढलं’ म्हणणाऱ्याने नेमकं काय केलंय, हे पुढचा कोड त्याला कसा प्रश्न विचारतो यावर ठरतं.

अ‍ॅरेवर डिलीट चालवणं तर मी सरळ नापास करतो. प्रवासी उतरला म्हणून एसटीतली सीट काढून नेत नाहीत, तसंच इथे होतं: घटक जातो, जागा राहते, लेंग्थ तेवढीच. क्रोमच्या कन्सोलमध्ये तिथे ‘एम्प्टी’ दिसतं. मधला घटक काढून बाकीचे पुढे सरकवायचे असतील तर स्प्लाइस आहे.

खरी चीड येते ती डिलीटच्या उत्तराची. प्रॉपर्टीच्या नावात स्पेलिंग चुकलं, तशी प्रॉपर्टीच नाही, तरी उत्तर ट्रू! फॉल्स कधी? तर प्रॉपर्टी काढता येण्यासारखी नसेल तेव्हा. मॅथमधला पाय डिलीट करून बघा, नाहीतर फ्रीझ केलेल्या ऑब्जेक्टवर हात चालवा. तिथेही साधा कोड मुकाट्याने पुढे जातो. 2009मध्ये आलेला स्ट्रिक्ट मोड लावला असेल तरच टाइपएरर फेकला जातो. आणि प्रोटोटाइपवर त्याच नावाची प्रॉपर्टी असली, तर स्वतःची गेल्यावर वारशातली दिसू लागते. नव्या मुलांना वाटतं, डिलीट झालंच नाही.

वेगाची भीती मात्र जरा जास्तच घातली जाते. क्रोममधलं व्ही8 इंजिन सारख्या घडणीच्या ऑब्जेक्टसाठी आतल्या आत एक साचा धरतं, म्हणून प्रॉपर्टी पटकन सापडते. मधलीच प्रॉपर्टी डिलीट केली की तो ऑब्जेक्ट साच्यातून सुटून शब्दकोशासारख्या सावकाश रचनेत जातो. सगळ्यात शेवटी जोडलेलीच काढली, तर बहुधा मागच्या साच्यावर परत येता येतं. लाखो वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये हे जाणवेल. साध्या फॉर्मच्या पानावर कोणाला पत्ताही लागणार नाही.

ज्या यादीत की सतत येतात आणि जातात, उदाहरणार्थ या क्षणी ऑनलाइन असलेले युजर, तिथे ऑब्जेक्टऐवजी मॅप घ्यावा. तो 2015पासून भाषेत आहे आणि त्याची स्वतःची डिलीट मेथड आहे. ती की असेल तर काढते आणि ट्रू देते. नसेल तर सरळ फॉल्स.