टीव्ही बेंगळुरूच्या आधी गुलबर्ग्याला

नवं यंत्र आधी राजधानीत येतं, मग जिल्ह्याच्या गावाला, आणि उरलंसुरलं आळंद-चिंचोळीला, असं बिदर-कलबुर्गी पट्ट्यात सगळेच धरून चालतात. अनुभवही तसाच आहे म्हणा. बिदर-कलबुर्गी रेल्वे पूर्ण व्हायला २०१७ चा ऑक्टोबर उजाडला. टीव्हीचं मात्र उलटं झालं.

१ ऑगस्ट १९७५ रोजी 'साइट' नावाचा प्रयोग सुरू झाला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी, आणि उपग्रहावरून थेट गावात चित्र. कर्नाटकातून त्यासाठी निवडलेले जिल्हे होते गुलबर्गा (म्हणजे आताचं कलबुर्गी), विजापूर आणि रायचूर. प्रयोग वर्षभराने संपला, पण १९७७ मध्ये गुलबर्ग्याला प्रक्षेपण केंद्र उभं राहिलं. बेंगळुरूला दूरदर्शन आलं १९८१ च्या नोव्हेंबरात. म्हणजे गुलबर्गा जिल्ह्यातली खेडी शाळेच्या आवारात टीव्ही बघत होती, तेव्हा विधानसौधाच्या शहरात तो नव्हता.

तो उपग्रह म्हणजे 'आर्यभट', हा दुसरा पक्का समज. गोंधळ होणं साहजिक आहे. आर्यभट त्याच वर्षी १९ एप्रिलला अवकाशात गेला आणि पुढे दोन रुपयांच्या नोटेवरही झळकला. पण त्याचा टीव्हीशी काडीचाही संबंध नव्हता. वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे त्याच्यावरचे प्रयोग तर थोड्याच दिवसांत थांबले. आपल्याला चित्र दाखवणारा होता नासाचा एटीएस-६, वर्षभरासाठी उसना घेतलेला. कल्पना विक्रम साराभाईंची. प्रयोग पाहायला ते हयात नव्हते.

आता छत्रीचं बघू. घराघरावरची डीटीएचची छत्री ही केबलनंतरची सुधारणा, असं वाटतं. खरं तर उपग्रहावरून थेट संचात हा प्रकार इथे केबलच्या कितीतरी आधी येऊन गेला होता. फक्त तेव्हाची छत्री तीन मीटर रुंद होती आणि खुराड्याला मारतात तसल्या तारेच्या जाळीची. जाळीच्या भोकांतून लहरी निसटत कशा नसत? एटीएस-६ ची लहर साधारण ३५ सेंटिमीटर लांबीची, तिला ती बारीक भोकं म्हणजे सलग पत्राच. आजच्या डीटीएचची लहर अडीच सेंटिमीटरच्या आसपास. लहर आखूड झाली, त्यामुळे हातभर छत्रीतही ती नीट एकवटते. तोंडंही फिरली: एटीएस-६ आफ्रिकेच्या वर होता, म्हणून त्या वेळच्या छत्र्या मावळतीकडे, थोड्या दक्षिणेला कललेल्या असत; आजच्या साधारण आग्नेयेकडे बघतात. पोराला छत्री फिरवायला गच्चीवर चढवताना हे सांगायला हरकत नाही.

त्या वेळचा अंदाज असा की टीव्ही हा गावाचा मास्तर होईल. सकाळी दीड तास शाळेच्या पोरांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन. गावाला संच एक, आणि बघायचं सगळ्यांनी मिळून. दाखवणारा वर, बघणारा खाली, हे इतकं गृहीत होतं की एके दिवशी बघणाऱ्याच्याच खिशात कॅमेरा असेल, आणि तो तुरीवरच्या अळीचा फोटो काढून कुणाला तरी पाठवेल, ही शक्यता त्या मांडणीत कुठेच बसत नव्हती.

भाषेची सोय मात्र विचार करून केली होती. उपग्रहावरून चित्र एक आणि आवाज दोन येत, त्यामुळे आंध्र आणि कर्नाटकासाठी एकाच चित्राला तेलुगू आणि कन्नड जोडता आलं. मराठीला तिसरी जागा नव्हती. आळंदकडच्या मराठी घरातल्या माणसानेही संचासमोर बसून कन्नडच ऐकायचं.

बिनतारी यंत्राला सीमा नसते, हा मोबाइल आला तेव्हाचा समज. सीमाभागाने तो सगळ्यात आधी सोडला. टेलिकॉमची मंडळं राज्याराज्यांची आखलेली. कर्नाटकातल्या भालकीचं सिम महाराष्ट्रातल्या उदगीरच्या बाजारात गेलं की रोमिंग. लेक उदगीरला दिलेली, तिच्या घरी जाऊन बसावं आणि आलेला फोन घेतला म्हणून पैसे कापले जावेत! २०१५ च्या जूनमध्ये बीएसएनएलने रोमिंगमध्ये येणारे कॉल मोफत केले आणि पुढे हळूहळू बाकीच्यांचाही हा जाच संपला.

राहिली पहाणी, म्हणजे इकडचा सातबारा. कर्नाटकाने 'भूमी' योजनेत २००० च्या सुमारास जमिनीचे उतारे संगणकावर आणले. तेव्हा तालुक्याच्या खिडकीवर पंधरा रुपयांत छापील उतारा मिळू लागला आणि उताऱ्यासाठी गावच्या लेखापालाच्या मागे फिरणं कमी झालं. पण संगणकावर आला म्हणजे सगळ्यांना वाचता आला, असं नाही. उतारा कन्नडमध्येच निघतो. आणि पहाणी म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा, हा समजही तितकाच चुकीचा. ती महसुली नोंद आहे. खरेदीखत, वाटणीपत्र पेटीत जपून ठेवावंच लागतं. आता औरादचा मराठी शेतकरी फोनचा कॅमेरा उताऱ्यावर धरतो आणि पडद्यावर मराठी उमटतं. त्यात कधी माणसाच्या नावाचाच अर्थ लावलेला असतो, कधी शेताच्या नावाचा. अंदाज घ्यायला ते पुरतं. तहसीलला जाताना मात्र मूळ कन्नड कागदच पिशवीत घालावा लागतो.