शून्य-चार-चार : एका संज्ञेचा अर्थ

वाफेच्या इंजिनांचे चाकांच्या संख्येवरून वर्गीकरण करण्याची पद्धती अमेरिकन अभियंता फ्रेडरिक व्हाइट याने १९०० च्या सुमारास रूढ केली. तीत तीन स्थाने असतात : प्रथम मार्ग दाखविणारी चाके, मध्ये गती देणारी जोडचाके आणि शेवटी भार वाहणारी चाके. येथे अर्थ केवळ अंकात नसून त्याच्या स्थानातही असतो. म्हणून रिकामे स्थान गाळता येत नाही. तेथे शून्य लिहावे लागते. पाणिनीय व्याकरणात प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचे कार्य होते. तद्वत् हे शून्यही सार्थ आहे.

इंग्लंडमधील लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेचा ‘एम ७’ वर्ग हे याचे बोलके उदाहरण होय. ड्युगल्ड ड्रमंड याने आखलेली ही ०-४-४ जातीची १०५ इंजिने १८९७ ते १९११ या काळात बांधली गेली. त्यांना मागे वेगळी कोळशाची गाडी नव्हती. बाष्पकाच्या दोन्ही अंगांच्या टाक्यांत १,३०० गॅलन पाणी व चालकाच्या पाठीमागे कोळसा, अशी सारी शिदोरी इंजिनावरच असे. त्यामुळे ते उलट दिशेनेही सहज धावे आणि अंतिम स्थानकावर वळवून घ्यावे लागत नसे. थोड्या अंतराच्या उतारू गाड्यांना हा गुण फार मोलाचा होता.

मात्र शून्याची किंमतही द्यावी लागली. वळणावर इंजिनाला रुळांसमवेत वळविणारी चाके पुढे नसल्याने ते काम जड जोडचाकांवरच पडे. आरंभी ही इंजिने डेव्हनमधील वेगवान गाड्यांनाही जोडली जात. १८९८ मध्ये टॅव्हिस्टॉकजवळ त्यांपैकी एक रुळांवरून घसरले. त्यानंतर त्यांना तेथून काढून लंडनच्या उपनगरी वाहतुकीकडे वळविण्यात आले. व्हाइटची संज्ञा तेव्हा प्रचलित नव्हती. पण ती ज्या उणिवेची नोंद करते, ती उणीव यंत्रात होतीच. उलट धावताना हेच इंजिन ४-४-० ठरे आणि शून्य मागे जाई!

१९१५ पासून उपनगरी मार्गांवर वीज येऊ लागली, तसतशी ही इंजिने ग्रामीण शाखामार्गांवर गेली. काहींना जोडलेल्या यंत्रणेमुळे इंजिन मागून गाडी ढकलीत असता चालक अग्रभागीच्या डब्यातून तिचे नियंत्रण करी. वर्गातील शेवटची इंजिने १९६४ मध्ये सेवामुक्त झाली. दोन जतन केलेली आहेत.

सारांश, संज्ञेतील शून्य म्हणजे अर्थाचा अभाव नव्हे. या इंजिनाला कोणते काम सोपवावे आणि कोणते सोपवू नये, हे त्या शून्यानेच सांगितले होते.