तुमच्या पणजोबांपेक्षा म्हातारा मासा

१८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. त्याच वर्षी न्यूझीलंडच्या समुद्रात, किलोमीटरभर खोल अंधारात जन्मलेला एखादा मासा १९८५ मध्ये जाळ्यात सापडून अमेरिकेत कुणाच्या तरी प्लेटमध्ये गेला असेल, हे सहज शक्य आहे. हा मासा म्हणजे ऑरेंज रफी. दीडशे वर्षं जगणं त्याला काही विशेष नाही!

त्याचं जुनं नाव ‘स्लाइमहेड’, म्हणजे बुळबुळीत डोक्याचा. आता या नावाचा मासा हॉटेलात कोण मागवणार? म्हणून बारसं नव्याने झालं. जिवंतपणी विटेसारखा लाल असणारा हा मासा मेल्यावर नारिंगी होतो, तेच नावात आलं. मांस पांढरंशुभ्र, वास जवळपास नाही, वर काटे काढून गोठवलेले तुकडे. परदेशी गिऱ्हाइकाला आणखी काय हवं?

१९७० च्या दशकाच्या शेवटी न्यूझीलंडजवळ त्याची मोठी मासेमारी सुरू झाली. अंडी घालायला हे मासे समुद्रातल्या डोंगरांभोवती प्रचंड संख्येने जमतात. ट्रॉलरवाल्यांना तेच हवं होतं. एकदा जाळं ओढलं की टनांनी मासळी! त्या जाळ्यांखाली शेकडो वर्षं वाढलेली प्रवाळंही चिरडली गेली, ते वेगळंच.

खरा घोळ वयाचा झाला. हा मासाही इतरांसारखाच भराभर वाढत असेल, असं आधी धरून चालले. माशाच्या कानात एक छोटा खडा असतो. झाडाच्या खोडासारखी त्यावर वर्षागणिक वलयं उमटतात. ती नीट मोजली तेव्हा शास्त्रज्ञ चक्रावले. गडी वयात येतो तोच तिशीच्या आसपास, आणि अंडीही इतर माशांच्या मानाने फारच कमी! पण हिशेब कळेपर्यंत बरेच साठे खरवडून झाले होते. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये त्याला संरक्षणाची गरज असलेल्या प्रजातींच्या यादीत घातलं.

न्यूझीलंडने काही भागांत मासेमारी बंद केली, कोटा उतरवला. २०१६ मध्ये तिथल्या तीन साठ्यांना शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्रही मिळालं. पर्यावरणवाद्यांना ते मुळीच पटलं नाही, आणि त्यांची शंका मला तरी रास्त वाटते. कारण तुम्ही तिशीच्या आत असाल, तर तुम्ही जन्मलात त्या वर्षी जन्मलेली ऑरेंज रफी बहुधा अजून वयातच यायचीय.