संघ कोणाचा? मैदानावरच्या ताऱ्याचा की पडद्यामागच्या कारभाऱ्याचा?

पोखर्णी (जि. परभणी) - नृसिंहाच्या देवस्थानामुळे परिचित असलेल्या या गावात खेळाच्या गप्पा निघाल्या, की त्या बहुधा क्रिकेट आणि कुस्तीभोवतीच फिरतात. परळीकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत चहा घेत बसलेल्या काही महाविद्यालयीन तरुणांत मात्र हॉकीवरून वाद रंगला. धनराज पिल्लेसारखा एक खेळाडू पुन्हा मिळाला, तर ऑलिंपिकचे सुवर्णपदक दूर नाही, असे एकाचे म्हणणे. तर धनराज होता तेव्हा तरी ते कोठे मिळाले, हा दुसऱ्याचा रोकडा सवाल. गाडी आली आणि वाद अर्धवटच राहिला.

हा वाद जगाला नवा नाही. कॅनडा आणि अमेरिकेत बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीत तर तो पिढ्यान् पिढ्या चालू आहे. तेथे प्रत्येक व्यावसायिक संघाला ‘जनरल मॅनेजर’ नावाचा एक अधिकारी असतो. तो प्रशिक्षक नव्हे. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणाला दुसऱ्या संघाकडे धाडायचे, कोणाला किती वेतन द्यायचे, उद्याचे खेळाडू कोठून आणायचे, हे सारे तो ठरवतो. आपल्या जुन्या भाषेत सांगायचे, तर तो संघाचा कारभारी.

या कारभाऱ्यांत माँट्रियलच्या सॅम पोलॉक यांचे नाव आदराने घेतले जाते. १९६४ ते १९७८ या काळात त्यांच्या संघाने नऊ वेळा स्टॅनले चषक जिंकला. गी लाफ्लर हा तरुण खेळाडू १९७१ च्या निवडीत सर्वांत आधी उचलला जाणार, हे पोलॉक यांनी वर्षभर आधीच ताडले होते. पहिल्या निवडीचा मान तळाच्या संघाला मिळत असे. म्हणून त्यांनी १९७० मध्ये कॅलिफोर्नियाच्या दुबळ्या संघाकडून त्याचा निवडीचा हक्क मिळवून ठेवला. पुढे लॉस एंजेलिसचा संघ त्याहूनही खाली घसरू लागला, तेव्हा त्याला सावरण्यासाठी आपला एक कसलेला खेळाडू त्या संघाला दिला, असे सांगितले जाते. लाफ्लर माँट्रियललाच मिळाला. पुढच्या पाच विजेतेपदांत त्याचा सिंहाचा वाटा होता. येथे श्रेय कोणाचे, हे सांगणे अवघड आहे.

त्याच खेळातील सर्वश्रेष्ठ मानला जाणारा वेन ग्रेट्झ्की एडमंटनकडून खेळत असताना त्या संघाने चार वेळा चषक जिंकला. ऑगस्ट १९८८ मध्ये त्याला लॉस एंजेलिसला देण्यात आले, तेव्हा कॅनडात अक्षरशः हळहळ व्यक्त झाली. परंतु १९९० मध्ये एडमंटनने त्याच्याविना पुन्हा चषक उचलला, आणि ग्रेट्झ्कीच्या हाती तो नंतर कधीच लागला नाही. तारा तोच होता. भोवतालची माणसे बदलली होती.

आपल्या हॉकीत असा अधिकृत कारभारी नाही. ते काम महासंघ, निवड समिती, संघव्यवस्थापक आणि प्रशिक्षक यांच्यात वाटले गेलेले असते. काम विभागले गेले, की जबाबदारी कोणाचीच राहत नाही, हा आपला नेहमीचा अनुभव. तरीही १९३६ चे बर्लिन ऑलिंपिक आठवावे. संघात साक्षात ध्यानचंद होते आणि तेच कर्णधारही होते. तरी सरावाच्या सामन्यात जर्मनांनी भारताला ४-१ असे नमविले. तेव्हा मायदेशी तार करून दारा या आघाडीच्या खेळाडूला तातडीने बोलावून घेण्यात आले. तो उपांत्य सामन्यापर्यंत पोहोचला आणि अंतिम सामन्यात भारताने जर्मनीचा ८-१ असा फडशा पाडला. ध्यानचंदांची जादू सर्वांना ठाऊक आहे, त्या तारेची आठवण फारशी कोणी काढत नाही.

आता धनराजकडे वळू. १६ जुलै १९६८ रोजी पुण्याच्या खडकीत जन्मलेला हा तमिळ घरातला मुलगा मोडक्या काठ्या बांधून खेळायला शिकला. वडील दारूगोळा कारखान्यातील मैदानाची निगा राखत. गरिबी होती, पण खडकी ही लष्करी छावणी. हॉकी तेथे दारातच होती. थोरला भाऊ रमेश मुंबईत हॉकी खेळत होता. त्याने धाकट्याला तेथे नेले आणि ऑलिंपियन जोकिम कार्व्हालो यांनी त्याला घडविले. म्हणजे ताराही आकाशातून पडत नाही. त्यालाही कोणी तरी पाहावे लागते.

१९८९ ते २००४ या काळात धनराज चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धांत खेळला. त्याच्या वेगाचे भय जगातील सर्व बचावपटूंना होते. पण निकाल काय? १९९२, १९९६, २००० आणि २००४ च्या ऑलिंपिकमध्ये भारत अनुक्रमे सातवा, आठवा, सातवा आणि पुन्हा सातवा. सिडनीत पोलंडने अखेरच्या क्षणी बरोबरी साधली आणि उपांत्य फेरी हातची गेली.

दोष धनराजचा होता काय? १९९८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने बँकॉकला तब्बल ३२ वर्षांनी आशियाई सुवर्णपदक जिंकले. देश आनंदात असतानाच धनराजसह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना संघाबाहेर ठेवण्यात आले. खेळाडूंनी मानधनाचा प्रश्न काढला होता, हे त्यामागचे कारण अशी तेव्हा सर्वत्र चर्चा होती. अधिकृत शब्द ‘विश्रांती’ असा होता. प्रशिक्षक एम. के. कौशिक यांचीही गच्छंती झाली. २००२ च्या विश्वचषकात तर स्पर्धा चालू असतानाच मुंबईचे सेड्रिक डिसूझा यांना प्रशिक्षकपदावरून दूर करण्यात आले. २००३ मध्ये धनराजच्याच नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला हरवून आशिया चषक जिंकला. पण पुढच्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिक तोंडावर आले असता राजिंदर सिंग यांना हटवून जर्मनीचे गेरहार्ड राख यांना आणले गेले. घरातला कर्ता दर सहा महिन्यांनी बदलला, तर शेतीची जी अवस्था होईल, तीच हॉकीची झाली. २००८ मध्ये भारत ऑलिंपिकला पात्रसुद्धा ठरला नाही. त्यानंतर जुना महासंघ निलंबित झाला.

पुढचा काळ या वादात दुसऱ्या बाजूचा साक्षीदार आहे. २००९ मध्ये हॉकी इंडिया ही संस्था आली. २०१२ ला लंडनमध्ये भारत अखेरच्या, बाराव्या स्थानी राहिला, तरी सुधारणेची दिशा सुटली नाही. रोलंट ओल्टमन्स यांच्यासारखे जाणकार आले, दीर्घ शिबिरे आणि शारीरिक तंदुरुस्तीवर भर देण्यात आला, आणि २०१८ पासून ओडिशा सरकारने प्रायोजकत्व घेतल्याने पैशाची चणचण संपली. २०२१ मध्ये टोकियोत ४१ वर्षांनी पदक आले. २०२४ मध्ये पॅरिसमध्ये पुन्हा कांस्य मिळाले.

येथे कारभाऱ्याच्या बाजूने निकाल देण्याचा मोह होतो, पण तो आवरावा लागतो. टोकियोत जर्मनीविरुद्ध ५-४ अशी आघाडी असताना शेवटच्या सेकंदांत पेनल्टी कॉर्नर मिळाला तो जर्मनांना. श्रीजेशने तो अडविला नसता, तर? पॅरिसमध्ये स्पेनविरुद्धचे दोन्ही गोल कर्णधार हरमनप्रीत सिंगचे होते. आणि उत्तम व्यवस्था, भरपूर पैसा, घरचे मैदान असूनही २०२३ च्या ओडिशातील विश्वचषकात भारत नवव्या स्थानी घसरला.

प्रस्तुत प्रतिनिधीचे मत असे, की एक सामना तारा जिंकून देतो. पण दहा वर्षांचा हिशेब कारभाऱ्याच्या वहीत असतो. आपल्याकडे ताऱ्यांचा दुष्काळ कधीच नव्हता. त्यांना सांभाळणारे हात कमी पडले. पोखर्णीला खडकीसारखा छावणीचा शेजार नाही. इथल्या एखाद्या मुलाच्या पायात धनराजचा वेग असला, तरी तो हॉकीपर्यंत पोहोचेल कसा? त्याला पाहणारा कोणी तरी आधी इकडे यायला हवा.

अथेन्समध्ये धनराजसोबत खेळलेला मुंबईचा व्हिरेन रास्किन्हा पुढे भारताचा कर्णधारही झाला. नंतर त्याने काठी ठेवली, व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले आणि गीत सेठी व प्रकाश पदुकोण यांनी उभारलेल्या ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट या संस्थेची सूत्रे हाती घेतली. खेळाडूंना प्रशिक्षक, फिजिओ, साधने पुरविणे हे तिचे काम. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताने सहा पदके जिंकली. त्यांपैकी चार पदकविजेते या संस्थेने पाठबळ दिलेले होते.