पाऊस मोजणारी शाळा

सातारा जिल्ह्यातला माण तालुका. जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. महिना सप्टेंबर, म्हणजे परतीच्या पावसाचे दिवस. इथं वर्षाकाठी पडतो जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा याच दिवसांत.

सकाळी 8.30

शाळा भरायला अजून दोन तास आहेत, पण पावसाची नोंद आत्ताच घ्यायची. हवामान खात्याची देशभरातली केंद्रं याच वेळी मागच्या 24 तासांचा पाऊस मोजतात, म्हणून आमचीही वेळ तीच. आमचं पर्जन्यमापक म्हणजे सपाट बुडाची, वरून खालपर्यंत सारख्याच रुंदीची काचेची बरणी आणि तिला बाहेरून चिकटवलेली पट्टी. तोंड आणि बूड सारखं असलं की बरणी केवढीही असो, आतल्या पाण्याची उंची म्हणजेच पडलेला पाऊस.

शेजारच्या वस्तीवरची दोन मुलं येतात. एक जण गुडघे टेकून डोळा पाण्याच्या रेषेत आणतो. वरून वाकून पाहिलं की आकडा चुकतो, हे त्याला आता सांगावं लागत नाही. "सर, 14 मिलिमीटर." दुसरा तारखेपुढे आकडा लिहितो. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचं, रकाना कोरा सोडायचा नाही, हा आमचा नियम.

सकाळी 10.30

परिपाठात प्रतिज्ञा, बातम्या आणि मग पावसाचा आकडा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी मिळतं. एवढं एक सूत्र धरून चौथीतली मुलगी फळ्यावर हिशेब मांडते. एकर म्हणजे साधारण 4,000 चौरस मीटर. गुणिले 14. एका एकरावर काल रात्री 56 हजार लिटर पाणी पडलं.

"साडेपाच टँकर!" मागच्या रांगेतून आवाज येतो.

10 हजार लिटरचा टँकर इथल्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात हंडा घेऊन ती स्वतः रांगेत उभी राहिलेली असतात. म्हणून पुढचा प्रश्नही त्यांचाच असतो: एवढं पाणी गेलं कुठं? बांध फुटलेल्या रानातून ओढ्याला किती गेलं, चरात किती मुरलं, याची चर्चा आज परिपाठाची वेळ ओलांडते. मी थांबवत नाही.

सकाळी 11.30

चौथीचा परिसर अभ्यास. शाळाशाळांतून पर्यावरण शिकवलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 साली बजावलं आणि 2003 मध्ये पुन्हा त्याचा पाठपुरावा केला. विषय पुस्तकात आला. तो अंगणात आणणं हे शिक्षकाचं काम.

म्हणून तास परसबागेत, कढीपत्त्याच्या झाडापाशी. पानावर काळपट-पांढरं काहीतरी चिकटलेलं. "सर, चिमणीनं घाण केलीय." मी म्हणतो, बघत राहा. थोड्या वेळानं ती 'घाण' सरकते आणि पान कुरतडू लागते. फुलपाखराची अळी आहे ती. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून लहानपणी असं सोंग घेते, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. काडीनं हलकेच स्पर्श करताच डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मुलं मागे सरकतात, लगेच पुन्हा पुढे येतात. या झाडावर फवारणी करायची नाही, असं मुलंच ठरवतात.

दुपारी 1.30

मधली सुट्टी. पोषण आहाराची खिचडी. ताटं धुतलेलं पाणी चारीनं वांगी-भेंडीच्या वाफ्यात जातं. उष्टं खतखड्ड्यात टाकायचं आणि वर दुप्पट-तिप्पट पालापाचोळा पसरायचा, नाहीतर कुबट वास येतो. अडचण उरते ती पाच रुपयांच्या खाऊच्या चकचकीत पुड्यांची. भंगारवाला बाटल्या नेतो, पुड्या नेत नाही. का, हे मुलांनी पुडी फाडून पाहिलं. प्लॅस्टिक आणि चंदेरी थर एकमेकांना असे चिकटलेले की वेगळे होत नाहीत, मग वितळवून नवं काय करणार? त्या दिवसापासून घरून फुटाणे आणि शेंगदाणे आणणारी मुलं वाढली.

दुपारी 3.00

आठवड्यातून एकदा गावविहिरीची पातळी. टेप मी सोडतो, मुलं कठड्यापासून लांब उभी राहून आकडा लिहून घेतात. आज पाणी कठड्यापासून 6.2 मीटर खाली.

शेळ्या घेऊन चाललेले आबा थांबतात. "गुरुजी, गेल्या साली ह्या टायमाला पाणी कुठं होतं?"

मी उत्तर देत नाही. वहीवाली मुलगी मागची पानं उलटते. "5.1 वर होतं, आबा. औंदा मीटरभर खालीच आहे."

आबा क्षणभर विहिरीत बघतात. "मग कांदा नको. शाळूच पेरतो."

पोपटराव पवारांच्या हिवरे बाजारात पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून पिकं ठरवली जातात. आमच्या गावाची मजल अजून तिथवर गेलेली नाही. पण दहा वर्षांच्या मुलीनं लिहिलेल्या आकड्यावर एका शेतकऱ्यानं हंगाम ठरवला. जनजागृती म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

सायंकाळी 5.15

शाळा सुटल्यावर झाडांची हजेरी. 5 जूनला लावलेली रोपं मुलांनी वाटून घेतली आहेत. जगलं, वाळलं, शेळीनं खाल्लं, जे घडलं ते लिहायचं. लावलेल्या झाडांचा फोटो सगळीकडे जातो. मला जगलेल्या झाडांचा आकडा हवा असतो, कारण रोप का मेलं हे शोधताना मुलं माती, पाणी आणि कुंपण शिकतात.

घोषणा दिंडीत दिली की दिंडीबरोबर संपते. रोजची नोंद मुलाला आपल्या गावाचा जाणता साक्षीदार करते, आणि त्याचं म्हणणं मोठ्यांना ऐकावं लागतं. त्यासाठी निधीची वाट पाहायला नको. एक सरळ बरणी, एक टेप, एक वही आणि न चुकता पाळलेली वेळ, एवढ्यावर कुठलीही शाळा उद्या सकाळी साडेआठला सुरुवात करू शकते.