ई-मेलच्या पत्त्यावर हीट नंबर

जनरल शिफ्ट सुटली की पुण्याजवळच्या रहाटणी फाट्यावर कंपन्यांच्या बस थांबू लागतात. चाकण किंवा भोसरीहून आलेल्या कुणालाही ‘हीट नंबर म्हणजे काय?’ असं विचारा, उभ्याउभ्या उत्तर मिळेल. भट्टीतून वितळलेल्या धातूचा एक घाणा निघाला की त्याला एक नंबर पडतो. त्या घाण्यातून झालेल्या महत्त्वाच्या कास्टिंगवर, फोर्जिंगवर तोच नंबर उमटवतात. पुढे गाडीतला एखादा भाग तडकला, रिजेक्शन आलं, की नंबर वाचायचा आणि माल कोणत्या दिवशीच्या कोणत्या घाण्याचा ते शोधून काढायचं. या पट्ट्यातला सारा वाहन उद्योग अशा खुणांवर विश्वास ठेवून चालतो.

हीच माणसं घरी येतात आणि आपला ई-मेल पत्ता मात्र बिनखुणेचा वाटत सुटतात. जिमचा फॉर्म, रक्ततपासणीची लॅब, मुलांच्या क्लासची चौकशी, फ्लॅटचं प्रदर्शन, सगळीकडे तोच एक पत्ता. मग रोज चाळीस-पन्नास नको असलेले मेल येतात. त्यातला कोणता कुणामुळे आला हे सांगायला काहीच हाताशी नसतं.

खूण उमटवायची सोय ई-मेलच्या पत्त्यातच आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत. समजा तुमचा पत्ता ‘अमुक@जीमेल.कॉम’ आहे. (प्रत्यक्षात तो रोमन अक्षरांत असतो, इथे वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिला आहे.) जिमच्या फॉर्मवर ‘अमुक+जिम@जीमेल.कॉम’ लिहा, लॅबच्या फॉर्मवर ‘अमुक+लॅब@जीमेल.कॉम’. नवं खातं उघडायचं नाही की कुठे नोंद करायची नाही. सगळी पत्रं तुमच्याच पेटीत येतात, पण येताना पाठीवर तो नंबर घेऊन येतात.

हे चालतं कसं? याचं उत्तर एका मराठी माणसाच्या कामातून नीट कळतं. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी. त्यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावं आणि पत्ते लिहिण्याच्या अनेक भाषा व लिप्या, या गोंधळातून पत्र वाट काढणार कसं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. रहाटणीचा पिनकोड ४११०१७ घ्या. पहिल्या ४ वरून विभाग कळतो, ४११ वरून पुणे आणि उरलेल्या तीन आकड्यांवरून वाटप करणारं टपाल कार्यालय. वाटेतल्या वर्गीकरण केंद्राला रहाटणीतली नखाते वस्ती कुठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही. तिथून पुढचं गल्ली, सोसायटी, ‘अमक्याच्या मार्फत’ हे सगळं इथला पोस्टमन जाणतो.

ई-मेलची वाटणी हुबेहूब अशीच आहे. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत पहिला जाळ्यावरचा ई-मेल पाठवला, तेव्हा माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव वेगळं करायला त्यांनी @ हे चिन्ह निवडलं, कारण ते कुणाच्या नावात येत नाही. @ च्या उजवीकडचा भाग म्हणजे पिनकोड. वाटेतले सर्व्हर तेवढाच वाचतात. डावीकडच्या भागाचा अर्थ लावायचा अधिकार फक्त पत्र पोचवणाऱ्या शेवटच्या सर्व्हरला असतो, असा ई-मेलच्या वहनाचा नियमच आहे. त्या सर्व्हरने ‘+ आल्यावर पुढचं सोडून द्यायचं’ असं ठरवलं, तर जगात कुणाची हरकत नाही. जीमेल तसं करतं, आउटलुकही करतं.

जीमेल आणखी एक गोष्ट करतं. नावातलं टिंब ते मोजतच नाही. दहा रोमन अक्षरांच्या नावात टिंब ठेवायला नऊ फटी असतात. प्रत्येक फटीत टिंब आहे किंवा नाही असे दोन पर्याय, म्हणजे दोनाचा नववा घात: ५१२ पत्ते, आणि सगळे तुमचेच. एखादा फॉर्म + घेत नसेल तर ही टिंबं उपयोगी पडतात. ‘मधे टिंब असलेला माझा, बिनटिंबाचा भावाचा’ अशी समजूत आमच्याकडे अनेक घरांत असते. नखाते, तापकीर, कोकणे ही आडनावं इथे दारोदार आहेत, त्यामुळे नावांची गर्दी होते. पण जीमेलवर ते दोन पत्ते दोघांना मिळूच शकत नाहीत. दुसऱ्याच कुणाची बिलं तुमच्याकडे येत असतील, तर त्याने आपला पत्ता चुकीचा सांगितला आहे.

इथे एक सापळाही आहे. बहुतेक वेबसाइट टिंब मोजतात. त्यामुळे तुमच्या पत्त्यात टिंब घालून दुसरा कुणी तिथे नवं खातं उघडू शकतो. ‘तुमचं कार्ड चाललं नाही, नवं कार्ड भरा’ असा मेल मग तुमच्याकडे येतो. तो असतो खऱ्या कंपनीचाच, म्हणून फसगत सोपी. घाईत कार्ड भरलं तर त्याच्या खात्याचे पैसे तुम्ही भरता. मेल कोणत्या रूपातल्या पत्त्यावर आला आहे हे पाहण्याची सवय इथे वाचवते.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. गेल्या वर्षी घरांच्या एका प्रदर्शनात मी फॉर्मवर ‘+घर’ असा पत्ता लिहिला. महिन्याच्या आत गृहकर्जाचा मेल आला, मग इंटिरिअरवाल्यांचे, मग शेअरच्या टिप्स देणाऱ्याचा. चौघांचेही ‘+घर’ वर. हा पत्ता मी दुसऱ्या कुणालाही दिलेला नव्हता. आयोजकांना ते मेल जोडून लिहिलं. माझं नाव यादीतून काढल्याचं उत्तर आलं, पण यादी पुढे गेलेली होती आणि मेल येतच राहिले. शेवटी ‘+घर’ वर येणारं सगळं सरळ कचऱ्यात जाईल असा फिल्टर लावला. बाकीच्या पत्त्यांना धक्का लागला नाही. खुणेचा मोठा फायदा मला हा वाटतो: एक नळ गळायला लागला तर तेवढाच बंद करता येतो.

फिल्टर म्हणजे पेटीला दिलेली कायमची सूचना. अमक्या पत्त्यावर आलेल्या मेलला हे लेबल लाव, तो बाजूला ठेव किंवा काढून टाक. भोसरी एमआयडीसीत पाच-सहा मशीनचं वर्कशॉप चालवणाऱ्यांना मी हे आग्रहाने सांगेन. ग्राहकाची ड्रॉइंग, मालाचं कोटेशन, सीएकडून आलेलं जीएसटीचं काम, दुकानांच्या जाहिराती, सगळं एकाच पेटीत पडतं आणि परचेसचा महत्त्वाचा मेल खाली दबून जातो. ‘+कोटेशन’, ‘+बिल’, ‘+सीए’ एवढ्या तीन खुणा वाटून दिल्या तरी पेटी आपोआप लागते.

आता मर्यादा. चोरीच्या गाडीचा चासी नंबर ग्राइंडरने घासतात, तशी ही खूण कुणीही पुसू शकतो. + पासून @ पर्यंतचा मजकूर उडवला की मूळ पत्ता उघडा पडतो, आणि संगणकाला ते एका ओळीचं काम आहे. म्हणून + ने पेटी उत्तम लागते, गळती बऱ्याचदा सापडते, पण पत्ता लपत नाही. शिवाय मेलला उत्तर दिलंत की ते सहसा मूळ पत्त्यावरूनच जातं. काही फॉर्म + नाकारतात. काही स्वीकारतात आणि पुढे ‘नाव काढा’ ही लिंक चालत नाही, कारण वेबच्या जुन्या संकेतानुसार लिंकमधला + म्हणजे मोकळी जागा. बँक, आयकर, पीएफ यांच्याकडे म्हणूनच साधा पत्ता द्यावा, आणि तो दुकानांना देऊ नये.

पत्ता खरोखर झाकायचा असेल तर टोपणपत्ता घ्यावा. ॲपलची ‘हाइड माय ईमेल’, मोझिलाची ‘फायरफॉक्स रिले’, डकडकगोची ई-मेल सेवा या सोयी नवा, अर्थहीन अक्षरांचा पत्ता बनवून देतात आणि त्यावरचं पत्र तुमच्याकडे वळवतात. त्यातून मूळ पत्ता काढता येत नाही. नको झाला की टोपणपत्ता बंद करायचा. ज्या वर्कशॉपचं स्वतःचं डोमेन आहे त्यांना तर हवे तितके पत्ते स्वतःच काढता येतात.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. २०२० मध्ये बिगबास्केटच्या सुमारे २ कोटी ग्राहकांची माहिती बाहेर गेली, तीत ई-मेल पत्ते होते. अशा याद्यांतला पत्ता आणि पासवर्डची जोडी चोर दुसऱ्या वेबसाइटवर लावून पाहतात. प्रत्येक ठिकाणी पत्ता आणि पासवर्ड दोन्ही वेगळे असतील तर ती किल्ली दुसऱ्या कुलपाला लागत नाही. कायद्याची साथही आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आला. दिलेली संमती परत घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे, असं तो सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांना तयारीसाठी १८ महिने मिळाले. तुमच्या खुणेने न्यायालयात चोरी सिद्ध होणार नाही, कारण यादी विकली गेली की चोरीला गेली हे ती सांगत नाही. पण तक्रार कुणाकडे करायची ते ती सांगते, आणि आज बहुतेक लोक तिथेच अडतात.

पुढच्या वेळी काउंटरवरच्या मुलीने ‘सर, ई-मेल सांगा’ म्हटलं की अधिकचं चिन्ह आणि त्या दुकानाचं नाव घालून पत्ता सांगा. कोणती खूण कुणाला दिली हे घरच्या डायरीत लिहून ठेवा, कारण पासवर्ड विसरलात तर लॉगिनला तोच पत्ता अक्षर न् अक्षर लागेल. आणि फसवणुकीत पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या हेल्पलाइनला फोन करा.