शेतकी विभागाच्या पिकअपचा गिअरबॉक्स



मागील आडसाली लागणीच्या वेळी बेणेमळ्यातून बेणे वेळेवर पोचले नाही, अशी तक्रार काही गटांतून आली. तक्रार खरी होती. आमच्या विभागाच्या जुन्या जीप पिकअपचा गिअरबॉक्स गेला होता आणि तो बदलताना आम्ही घाई केली. तुमच्यापैकी काहींच्या वस्तीवर अजून अशा गाड्या आहेत, म्हणून झाले ते सांगतो.

आमच्या पिकअपला मूळचा टी-९० जातीचा, तीन गिअरचा बॉक्स. महायुद्धातल्या जीपला टी-८४ असे. १९४५ साली नागरी जीप निघाली तेव्हा तिला हा दणकट बॉक्स दिला गेला. त्याचा पहिला गिअर २.८ ला १, दुसरा १.५५ ला १ आणि तिसरा सरळ. पहिल्याला सिंक्रो रिंग नाही. गाडी पुरती थांबायच्या आत तो टाकला की खर्र करणारच, तो बिघाड नव्हे. आमचा बिघाड दुसऱ्या गिअरचा होता. भरल्या गाडीने चढ घेताना दांडा आपोआप सुटून न्यूट्रलला यायचा. हौद्यात बेणे, वर दोन मजूर आणि गाडी मागे सरकायला लागली की पोटात गोळा येई. ड्रायव्हर दांडा एका हाताने दाबून धरून गाडी चालवू लागला, त्याच दिवशी ती उभी करायला हवी होती. आम्ही आणखी पंधरा दिवस चालवली.

वर्कशॉपमध्ये बॉक्स खोलला तर दुसऱ्या गिअरचे दाते टोकाला निमुळते झालेले, बेअरिंगही ढिले. फोरमन म्हणाले, "साहेब, याच जातीचा दुरुस्त केलेला बॉक्स बघू." आम्हाला वाटले, एवीतेवी बदलायचाच तर चार गिअरचा का नको? जुन्या बाजारात एक मिळाला, घेऊन आलो. मापे न घेता. बेल हाउसिंगचे बोल्ट जुळले म्हणून आम्ही खूश! पण पुढचा शाफ्ट फ्लायव्हीलमधल्या पायलट बुशपर्यंत पोचेना, बोटभर आखूड. शिवाय बॉक्स लांबीला जास्त. जीपला गिअरबॉक्सच्या पाठीला ट्रान्सफर केस असते. बॉक्स लांबला की ती मागे सरकते, मग पुढचा प्रॉपेलर शाफ्ट आखूड पडतो आणि मागचा लांब होतो. मागचा कापून घ्यावा तर त्याच्या जॉइंटचा कोन वाढतो आणि क्रॉस लवकर खातात. खालचा आडवा मेंबरसुद्धा हलवावा लागतो. फोरमन एवढेच म्हणाले, "बॉक्स आधी मोजायचा असतो, मग घ्यायचा."

या घोळात तीन दिवस गेले. एका सभासदाच्या दीड एकराचे बेणे मळ्यात तोडून पडले होते. तोडल्यापासून चोवीस तासांत लागण करा, असे बैठकीत आम्हीच सांगतो. तिसऱ्या दिवशी ट्रॉलीतून बेणे पोचवले, तेव्हा ते म्हणाले, "सायेब, ह्यातलं निम्मं तरी उगवंल का?" बऱ्याच सरीत उगवण विरळ झाली. नांग्या भरायला रोपे आम्ही दिली, पण पीक मागे पडले ते पडलेच. चूक आमची.

शेवटी टी-९०च बसवला. या वेळी पुढच्या शाफ्टची लांबी, त्याचे स्प्लाइन आणि टोकाची जाडी जुन्याशी ताडून मगच पैसे दिले.

काम करताना एक गोष्ट थोडक्यात निभावली. या जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असतो. मागचा प्रॉपेलर शाफ्ट सोडला की हातब्रेक कितीही ओढा, मागची चाके मोकळी. पोरगा खाली असताना गाडी वीतभर सरकली. नशीब, एका चाकाला वीट होती. तेव्हापासून चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे आणि चासीखाली घोड्या लावल्याशिवाय कोणी खाली जात नाही.

शाफ्ट सोडताना खुणा कराव्यात, नाहीतर पुढे गाडी थरथरते. बॉक्स उतरला की क्लचप्लेट आणि पायलट बुश बघूनच घ्यावे. तेवढ्यासाठी पुन्हा सगळे कोण उतरवणार? नवी प्लेट जुन्या बॉक्सचा पुढचा शाफ्ट घालून मध्यावर आणावी. बॉक्स चढवताना वरच्या दोन भोकांत लांब स्टड लावले की तो सरळ आत सरकतो. अर्धा घुसलेला बॉक्स नुसता प्लेटवर लोंबकळत ठेवू नये, प्लेटचा मधला भाग वाकतो. बोल्ट आवळून बॉक्स ओढून घेणे तर नकोच. या गाडीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे ऑइल एकमेकांत जाते, म्हणून दोन्ही एकदम रिकामे करून दोन्हींत भरावे. सिंक्रो रिंगा पितळी असल्याने नव्वद नंबरचे जीएल-४ ऑइल घालावे. शेवटी क्लच पेडलची मोकळी चाल साधारण एक इंच ठेवली.

पिकअप सध्या बेणेमळ्यावर चालू आहे आणि दुसरा गिअर चढावर सुटत नाही. चार गिअरचा तो बॉक्स वर्कशॉपच्या शेडमध्ये पडून आहे. कोणा सभासदाच्या गाडीला चालत असेल तर शेतकी ऑफिसात चौकशी करावी. येताना मापे घेऊन यावे.

— ऊस विकास अधिकारी